सरडेरावाच्या लग्नाला आम्ही दोघी

लोक काश्मीरला जाऊन येतात, दुबईला जाऊन येतात आणि मग लिहितात. मी गोरेगावहून हिंगोलीला जाऊन आले. हसा, खुशाल हसा. जीपमध्ये पाय आखडून बसलं की सकाळच्या चहाची चव तोंडातून जायच्या आत हिंगोली येते, हे मलाही ठाऊक आहे. पण मांडीवर साडेचार वर्षांची नात, तिच्या कानांत कापसाचे बोळे आणि माझ्या डोक्यावर पोराचं लग्न, अशा सामानासह तुम्ही हा रस्ता करून बघा. मग काश्मीरचं काय ते बोलू.

गोरेगाव

मी राहते कळमनुरीला. लेक वर्षा दिली गोरेगावात. जिल्हा एकच, पण माणसं पाहा कशी वेगळी. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, चहा घेणार का? गोरेगावात आधी चहा हातात देतात, तो अर्धा संपला की विचारतात, साखर चालते न् तुमाले? इथून विदर्भ जवळ, त्यामुळे माझ्या नातीच्या तोंडात 'मले' आणि 'काहून' इतकं घट्ट बसलंय की मी कितीही 'मला' शिकवलं तरी ती मलाच विचारते, "आज्जे, तू अशी काहून बोलतेस?"

नातीचं नाव स्वरा. नाव ठेवताना बारशाला मीच मोठ्यांदा ओरडले होते. आता ती आवाजाला घाबरते. साधंसुधं नाही, जाम घाबरते.

झालं असं. मागच्या उन्हाळ्यात वर्षाच्या दिराचं लग्न लागत होतं. शेवटचं 'सावधान' झालं, भटजींनी हात वर केला आणि बॅण्ड, ताशे, फटाके सगळं एकदम सुटलं. स्वरानं दोन्ही हातांनी कान दाबले आणि ती आईच्या जवळून जी पळाली, ती कुणाला दिसलीच नाही. नवरानवरी राहिले बाजूला, अख्खं वऱ्हाड पोरगी शोधायला. शेतातल्या विहिरीत डोकावून झालं. शेवटी सापडली शेजारच्या गोठ्यात, गव्हाणीत बसलेली, कान दाबूनच. वासरू तिच्या वेणीची रिबीन चघळत होतं. तेव्हापासून मिक्सर लावला की ही घराबाहेर. गावात कुठं ताशा वाजला की पलंगाखाली.

आणि आता लग्न माझ्या आकाशचं, वर्षाच्या सख्ख्या भावाचं. आमच्यात मंगलाष्टकं चालू असताना करवली, म्हणजे नवरदेवाची बहीण, त्याच्या मागे दिवा धरून उभी राहते. दोन्ही हात गुंतलेले. मग स्वराला धरणार कोण? जावई देवमाणूस आहेत, पण मांडवात त्यांचं लक्ष आचाऱ्याच्या कढईकडे असतं. मी वरमाय. मला तर त्या दिवशी नुसतं रुसायलाच माणसं पुरणार नाहीत.

वर्षानं फोनवरच सांगून टाकलं होतं, "आई, मी हळदीला येते. लग्न लागायच्या टायमाला येणार न्हाई."

"अगं, सख्ख्या बहिणीशिवाय लग्न लागतं का? दिवा कोण धरणार?"

"कुणीबी धरंल. त्या विहिरीत वाकून मी पाह्यलंय, तू न्हाई."

यावर मी गप्प बसले. मी गप्प बसणं ही आमच्या घरात बातमी असते. आकाशनं घाबरून मला ताप आहे का ते पाहिलं.

त्याच आठवड्यात मोबाईलवर जाहिरात आली. हिंगोलीला लेकरांचं संगीत नाटक, 'सरडेरावाचं लगीन', दुपारचा खेळ. माझ्या डोक्यात दिवा पेटला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी झाडाचं काम केलं होतं आणि जागचं न हलता दोन वेळा टाळ्या घेतल्या होत्या, तेव्हापासून नाटक म्हटलं की मला राहवत नाही. पण त्याहून मोठा विचार असा की नाटकात वाजणार, पण बेतानं. लेकराला तिथं बसता आलं, तर लग्नातही येईल. वर्षाच्या डोळ्यांपुढून ती विहीर हटवायची तर मला काहीतरी दाखवायला हवं होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी गोरेगावात जाऊन थडकले. वर्षानं ऐकून घेतलं, भाकरी थापता थापता. मग म्हणाली, "ने. पण रडली की उठायचं. तुझं नाटक बुडालं तरी उठायचं. अन् मला फोन करायचा."

"उठीन."

"शपथ घे."

"तुझ्या सासूची?"

"आई!"

जेवायला अंबाडीची भाजी, ठेचा आणि तीळ लावलेली भाकरी होती. गोरेगावचा ठेचा खाल्ला की माणूस थोडा वेळ खरंच कुणाला काही बोलू शकत नाही. वर्षानं मुद्दामच वाढला असावा.

सेनगावचा रस्ता

सकाळी वर्षानं शेतातला कापूस घेतला, त्यातली सरकी काढली, दोन मऊ बोळे केले आणि लेकीच्या कानांत घातले. घरचा कापूस. त्यामुळे स्वराला ऐकू कमी आणि ती बोलणार मोठ्यानं. जीपच्या अड्ड्यावर सगळ्यांना कळलं की आम्ही सरड्याच्या लग्नाला चाललोय.

जीपवाल्याचं नाव गजानन. गाडी चालू केली की गाणं चालू, आणि गाणं असं की टपावरच्या पोत्यांनी नाचावं. स्वराचे हात लगेच कानांकडे.

"भाऊ, जरा कमी कर," मी म्हटलं.

"मावशी, गाणं बंद केलं तर गाडी चढ चढत न्हाई."

"मग चढावर आम्ही उतरून ढकलू. बंद कर."

आरशातून त्यानं लेकराकडे पाहिलं आणि खरंच बंद केलं. नंतर सगळा रस्ता तो स्वतःच गुणगुणत होता, आणि ते जास्त अवघड होतं.

दिवाळी होऊन गेलेली. सोयाबीन निघून रानं मोकळी झाली होती, तुरीला पिवळा फुलोरा आला होता आणि कपाशी अशी फुटली होती की स्वरानं कानाकडे बोट दाखवून विचारलं, "आज्जे, माझ्या कानातला यातलाच हाय का?" अख्ख्या जीपनं वावराकडे पाहिलं, मग तिच्या कानाकडे पाहिलं.

सेनगावला चाक पंक्चर. मी शिदोरीचे धपाटे काढायला पिशवी उघडली, तर शेजारच्या धोतरवाल्या बाबांनी त्यावर इतका वेळ बसून त्यांचा एकच मोठा धपाटा केला होता. आम्ही तो तोडून तोडून खाल्ला. बाबांनीही खाल्ला. वर म्हणाले, "मऊ झालाय."

"बसल्याचा गुण," मी म्हटलं.

"कुठं चाललात लेकराले घेऊन?"

"नाटकाला."

"लेकराले नाटक? काहून? घरी करतच असतील की."

हिंगोली

हिंगोलीच्या बाजारात मी दोन गोष्टी घेतल्या. स्वराला डोक्याची पिन आणि मोठी पिशवी भरून मुरमुरे. सकाळी सुशीला, म्हणजे आमचे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, करता येईल, आणि लेकरू नाटकात कंटाळलं तर तोंडात टाकायला होतील, असा दुहेरी विचार. मुरमुऱ्यांची ही पिशवी लक्षात ठेवा.

आता खरी गंमत. पत्त्यावर पोचलो तर काय, मंगल कार्यालय! कमान, लाल गालिचा, वर प्लास्टिकच्या फुलांच्या माळा आणि आत तोच मंच, त्याच खुर्च्यांच्या रांगा. नाटकवाल्यांना दुसरी जागा मिळाली नसावी. स्वरा उंबऱ्यावर थबकली. तिनं माझा पदर धरला.

"आज्जे, इथं लगीन हाय का?"

"नाही गं बाई. नाटक आहे."

"मग हे काहून?" तिनं कमानीकडे बोट केलं.

मी नवी पिन तिच्या केसांत खोचली. त्यात लोकही लग्नाला आल्यासारखेच आले होते. खेड्यांतून आलेल्या बाया ठेवणीतल्या साड्यांत, डोक्यात गजरे, लेकरं इस्त्रीची. मंगल कार्यालयात जायचं म्हणून अंगाला आपोआप लागलेलं वळण. आत शिरल्या शिरल्या बायका डावीकडे बसल्या, पुरुष उजवीकडे, कुणीही न सांगता. दोघी तर एकमेकींना विचारत होत्या, "तुमी कुणाकडून?"

मी स्वराला उचललं आणि दाराजवळची रांग धरली. उठायची शपथ होती ना.

शेजारी एक बाई नातवाला घेऊन बसल्या होत्या. नसीमबी. हिंगोलीतच बांगड्यांचं दुकान. त्यांनी स्वराच्या कानातला कापूस पाहिला.

"कान दुखता क्या बच्ची का?"

"नाही हो, वाजंत्रीला घाबरते."

"घबराने दो. हमारा ये झाडू को घबराता," त्यांनी नातवाच्या डोक्यावर टप्पल मारली, "घर में तकलीफ मेरे को. झाड़ना कब?"

नातू आणि नात यांनी एकमेकांकडे पाहिलं. झाडूला घाबरणारा माणूस पाहून स्वराला बराच धीर आला असावा. ती माझ्या मांडीवरून उतरून स्वतःच्या खुर्चीवर बसली.

नाटक सुरू झालं. सरडेराव हा भित्रा नवरदेव. घाबरला की रंग बदलतो. म्हणजे नट झाडामागे जायचा आणि हिरव्याचा पिवळा होऊन यायचा. त्याला आवडते खारूताई, पण विचारायचं म्हटलं की हा लाल, उत्तर ऐकायचं म्हटलं की हा पांढरा. मंचाच्या कडेला पेटीवाले, ढोलकीवाले आणि एक उंच, किडकिडीत ताशावाला. ताशा कमरेला आणि काड्या काखेत. मी नाटक कमी आणि त्या काड्याच जास्त पाहत होते.

खारूताई मात्र काय गायली! बारीक, गोड आवाज, नुसत्या पेटीवर. मधेच माझ्या बाहीला हिसका बसला.

"आज्जे, मले ऐकू नाई येऊन राह्यलं."

आणि तिनं उजव्या कानातला बोळा काढून माझ्या हातात दिला. थोड्या वेळानं डावाही. वर्षानं पाहिलं असतं तर आम्हाला तिथूनच घरी नेलं असतं. पण मी बोळे पदरात बांधले आणि देवाला हळूच सांगितलं, ताशावाल्याचे हात जरा दुखू देत.

मध्यंतरात स्वरानं ते बोळे मागून घेतले. कानांत घालायला नाही. नसीमबीच्या नातवाच्या चड्डीला मागून खारीचं शेपूट लावायला. दोघं सगळ्या हॉलभर खारीसारखी धावली. त्या धावपळीत शेपूट कुठं पडलं ते कळलंच नाही. म्हणजे कापूस गेला.

आणि मग दुसऱ्या अंकात लग्न.

अंतरपाट धरला गेला. कावळेभटजी काळ्या पंखांत पुढे आले, घसा खाकरला आणि खरोखरच्या चालीत सुरू झाले:

"भिंतीला चिकटे, हळूच सरके, शेंडीस लावी तुरा,
लाजेने हिरवा, भयात पिवळा, होतो कसा हा पुरा..."

पुढच्या रांगेतले एक म्हातारे उठून उभे राहिले. नाटक पाहायचं सोडून ते हात जोडून लग्नाला उभे राहिले. त्यांना पाहून त्यांची रांग उठली. मग बायका, डोक्यावर पदर घेत. मंगल कार्यालय, मंच, अंतरपाट आणि मंगलाष्टकाची चाल. बसून राहील तो मराठवाड्याचा माणूस कसला? बघता बघता सगळा हॉल उभा. मंचावरचा सरडेराव आमच्याकडे असा पाहू लागला की त्याला रंग बदलायला झाडामागे जायची गरजच उरली नाही.

पुढची बाई वळून म्हणाली, "ओ, अक्षता वाटल्या न्हाईत का?"

आता मी काय करावं? चांगल्या बाईनं म्हणावं, अहो, हे नाटक आहे. मी पिशवी उघडली.

"घ्या. पुढं सरकवा."

मुरमुरे हातोहात निघाले. नसीमबीनं घेतले, नातवाला दिले. मी स्वराच्या दोन्ही मुठी गच्च भरल्या. प्रत्येक 'सावधान'ला मुरमुरे उडू लागले, आणि मी अशी खूश झाले, अशी खूश झाले, की तो ताशावाला उठून उभा राहिलेला मला दिसलाच नाही.

दिसला तेव्हा शेवटचं कडवं चाललं होतं.

"शेपूटात दडे खुशाल नवरी, कुर्यात् सदा मंगलम्..."

 याच सावधाननंतर ती पळाली होती. कानांत कापूस नाही. दार आमच्या पाठीशी, उघडं, आणि बाहेर रस्ता, गाड्या. मी पिशवी टाकून तिला धरायला वाकले, तर नसीमबी तिच्या कानाशी वाकून सांगत होत्या, "अब्बी नै मारना. सावधान बोले के बाद. पूरा जोर से. बराबर?"

स्वराचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिचे डोळे भटजींवर आणि मुठी खांद्याच्या वर.

"सावधाऽऽन!"

ताशा कडाडला. ढोलकी, झांजा, सगळं एकदम. स्वराचे खांदे कानांपर्यंत वर आले. हात कानांवर न्यायचे तर मुठीत मुरमुरे. एक क्षण ती तशीच, डोळे मिटून. आणि मग तिनं दोन्ही हातांनी, सगळ्या अंगानं, मुरमुरे फेकले. ते मंचापर्यंत कसले जातात. पुरुषांच्या बाजूच्या एका गृहस्थांच्या टकलावर पाऊस पडला. ते वळले. त्यांच्या मिशीत एक मुरमुरा अडकला होता.

स्वरा हसली. ताशा वाजतच होता. मोकळे झालेले तिचे हात सवयीनं वर निघाले, गालांपर्यंत आले, तिथं जरा थांबले. मग खाली आले आणि माझ्या पिशवीत गेले.

"आज्जे, आजून दे!"

मी सगळी पिशवीच दिली. सुशीला गेली उडत. मी खुर्चीवर बसून पदरानं डोळे पुसले. नसीमबीनं पाण्याची बाटली पुढं केली. "पियो बाई. शादी लगी, तुम कायको रोते?"

मंचावर सरडेरावाच्या तुऱ्यात मुरमुरे, खारूताईच्या केसांत मुरमुरे. पण नट पक्का होता. पुढे येऊन त्यानं हात जोडले. "पाहुणे मंडळी, लगीन लागलं. तुमी आल्याबद्दल आभारी हाव!"

पहिल्या रांगेतले म्हातारे अजून उभेच होते. त्यांनी खणखणीत विचारलं, "पंगत कोणत्या बाजूला?"

असा हशा मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. त्या हशाला ताशापेक्षा जास्त आवाज होता, आणि त्यात सर्वांत उंच आवाज माझ्या नातीचा होता.

पुन्हा गोरेगाव

परतीला योगायोगानं गजाननचीच जीप. आम्हाला पाहताच त्यानं हात पुढे करून गाणं बंद केलं. स्वरा माझ्या मांडीवर झोपली होती, केसांत मुरमुरे. मी म्हटलं, "वाजव रे, हळू का होईना." त्यानं वाजवलं. ती जागी झाली नाही. मी दोन वेळा नाकाशी बोट धरून पाहिलं, श्वास चालू आहे ना म्हणून.

वर्षा अड्ड्यावर उभी होती. दिवेलागण व्हायची होती, पण चेहरा असा की जणू आम्ही हरवून सापडलो. तिनं लेक माझ्या हातातून घेतली, आधी कान पाहिले.

"कापूस कुठाय?"

"खारीला लावला."

"आई, रडली का?"

मी दम घेतला, पदर सारखा केला, पाणी मागितलं. एवढा मोठा प्रवेश आयुष्यात पुन्हा कधी मिळणार होता?

"आई, नाटक नको करू. सांग."

तेवढ्यात स्वरा जागी झाली आणि माझा प्रवेश तिनं खाल्ला. ताशा कसा कडाडला, टक्कलवाल्या बाबावर मुरमुरे कसे पडले, झाडूला घाबरणारा पोरगा कसा पळाला. वर्षा ऐकत उभी. ताशा शब्दावर तिनं पोरीला घट्ट धरलं होतं, ते हळूहळू सैल होत गेलं. मग ती तिच्या केसांतले मुरमुरे वेचू लागली. एक वेचला, दुसरा वेचला, आणि तिसऱ्याला डोळे पुसले.

"पण आई, मी दिवा धरला तर हिला कोण धरंल?"

"मले धरायचं नाई," स्वरा म्हणाली. "मले अक्षता वाटायच्या हायत. सगळ्याले."

घरी गेल्यावर वर्षानं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, बेडशीटच्या घडीत, लेकीचा लग्नासाठी शिवलेला जरीकाठी परकर-पोलका होता. काजबटणंसुद्धा करून तयार. "येणार न्हाई" म्हणत होती ती हीच. मी काही बोलले नाही. एका महिन्यात दुसऱ्यांदा मी गप्प, नोंद घ्या.

मग तिनं भावाला फोन लावला. बहिणीनं भावाला लावावा तसा, सरळ भांडणानं. "आकाश, दिवा मीच धरणारे. करवलीच्या मानाची साडी मी पसंत करणार, तू न्हाई. अन् ऐक, बॅण्डवाल्याला सांग..."

ती अडखळली. सांगणार होती, हळू वाजव. पण स्वरानं फोन ओढला, तोंडाशी धरला आणि सबंध आळीला ऐकू जाईल असं ओरडली,

"मामा! म्या अक्षता टाकल्याबिगर वाजवायचं नाई! टाकल्या की मंग लई जोरात!"

 फोनवर तिनं आजवर 'हूं' पलीकडे शब्द काढला नव्हता. मग आकाश घाबरत म्हणाला, "आई, हे कोण बोललं?"

मी फोन घेतला. "वाजंत्रीवाल्यांची मालकीण," मी म्हटलं. "आणि आता तू गप्प बस, तिचं अजून संपलं नाही."